कुलवृत्तांताची संहिता आणि कादंबरीचा प्रतिवाद

१

इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या वंशावळींचे जाडजूड ग्रंथ ग्रंथालयाच्या संदर्भविभागात ठेवलेले असतात आणि त्या देशातील कादंबऱ्या ललित विभागात. ही मांडणी ग्रंथपालाच्या सोयीची आहे. समीक्षेने मात्र ती जशीच्या तशी स्वीकारली आणि त्यातून एक गैरसमज रूढ झाला. वंशावळ म्हणजे वस्तुस्थिती, कादंबरी म्हणजे कल्पित. वंशावळ म्हणजे पार्श्वभूमी, कादंबरी म्हणजे त्या पार्श्वभूमीवर घडणारे मानवी नाट्य, असा हा समज आहे. त्यामुळे इंग्रजी कादंबरीत वारंवार येणारे कुळाचे, किताबाचे आणि वारसाचे संदर्भ एकतर सामाजिक तपशील म्हणून नोंदले जातात, नाहीतर उपहासाचे सोपे लक्ष्य म्हणून बाजूला सारले जातात.

वस्तुतः वंशावळ हे एक कथनच आहे. त्याला प्रारंभ असतो, नायकांची मालिका असते, कालक्रम असतो आणि मुख्य म्हणजे काय सांगायचे व काय गाळायचे याचे अत्यंत काटेकोर नियम असतात. जन्म, विवाह, अपत्य आणि मृत्यू या चार क्रियापदांवर हे कथन चालते. प्रेम, द्वेष, कर्ज, कंटाळा यांना त्यात जागा नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कादंबरीने याच चार क्रियापदांचा आधार घेतला आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा भरल्या. त्यामुळे या दोन वाङ्मयप्रकारांचे नाते वस्तुस्थिती आणि कल्पित यांचे नसून एकाच सामग्रीवर हक्क सांगणाऱ्या दोन कथनपद्धतींचे आहे. या झगड्यात कादंबरी नेहमीच जिंकते असे नाही. ती कुठे जिंकते आणि कुठे नकळत प्रतिपक्षाची भाषा बोलू लागते, हे पाहिल्याशिवाय तिच्या सामाजिक दृष्टीविषयी केलेली विधाने पोकळ राहतात.

२

आर्थर कॉलिन्स याने १७०९ मध्ये उमरावांच्या वंशवृत्तांताचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जॉन डेब्रेटच्या नावाचे पीरेज १८०२ मध्ये आणि त्याचे बॅरोनेटेज १८०८ मध्ये निघाले. जॉन बर्क याने १८२६ मध्ये उमराव आणि बॅरोनेट यांची घराणी एकत्र करून ती वर्णानुक्रमे लावली. दर्जाची उतरंड मोडून वर्णमालेचा क्रम स्वीकारणे हा वरकरणी लोकशाहीवादी बदल वाटतो. परंतु त्यामुळे या ग्रंथाला कोशाचे रूप आले, आणि कोशातील नोंदीवर शंका घेण्याची वाचकाला सवय नसते. एखाद्या घराण्याने स्वतःविषयी पुरवलेली कहाणी कोशाच्या रूपात आली की ती माहिती बनते.

या नोंदीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. बर्कच्या रचनेत आधी मुलगे क्रमांकाने येतात, नंतर मुली पुन्हा पहिल्या क्रमांकापासून सुरू होतात. थोरली मुलगी धाकट्या भावाच्या खाली छापली जाते. अपत्याविना मरण पावलेल्या व्यक्तीसाठी लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरे पुरतात. एक संपूर्ण आयुष्य तेवढ्यात मिटते. स्त्रीला या संहितेत दोनच दारे आहेत: बापाच्या नोंदीत जन्माने, नवऱ्याच्या नोंदीत विवाहाने. अनौरस संततीला बहुधा एकही दार नाही.

हे नियम छपाईतून आलेले नाहीत, कायद्यातून आलेले आहेत. राजाने दिलेल्या सनदेत किताब कोणाकडे जाईल हे लिहिलेले असे आणि बहुतेक सनदांत तो मूळ पुरुषाच्या औरस पुरुषवंशाकडेच जाई. जुन्या काही सरदारक्या सनदेने नव्हे तर सभागृहाच्या बोलावण्याने निर्माण झाल्या होत्या. त्या मुलींकडेही जाऊ शकत, पण मुली एकाहून अधिक असल्या की कोणा एकीचा हक्क ठरेपर्यंत किताब लोंबकळत राही. म्हणजे वंशावळ ही स्मृतीची वही नसून दाव्याची कैफियत आहे. कागद जुळला तर लॉर्ड्सच्या सभागृहात आसन, न जुळला तर काहीच नाही.

हा दावा आणि हे लेखन किती जवळजवळ असतात हे सर सॅम्युअल एगर्टन ब्रिजेस याच्या उदाहरणातून दिसते. ब्रिजेस घराण्याने चँडोसच्या सरदारकीवर हक्क सांगितला आणि अनेक वर्षे चाललेला तो दावा लॉर्ड्सच्या सभागृहाने १८०३ मध्ये फेटाळला. पुढे १८१२ मध्ये कॉलिन्सच्या पीरेजची नऊ खंडांची सुधारित आवृत्ती निघाली, तिचा संपादक हाच ब्रिजेस होता. न्यायसभेत हरलेला दावेदार संदर्भग्रंथाचा संपादक झाला. ब्रिजेसने कादंबऱ्याही लिहिल्या. शिवाय त्याची बहीण ॲन लेफ्रॉय ही जेन ऑस्टिनची निकटची स्नेही होती. वंशावळ आणि कादंबरी यांचे शेजारपण केवळ सैद्धांतिक नव्हते. ते एकाच परिसरातले, एकाच बैठकीतले होते.

३

या संहितांची चिकित्सा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. इतिहासकार एडवर्ड फ्रीमन याने १८७७ मध्ये वंशावळी रचणाऱ्यांवर कठोर टीका केली. जी. ई. कोकेन याने १८८७ ते १८९८ या काळात किताबधारकांचा संपूर्ण कोश आठ खंडांत सिद्ध केला. त्याची विस्तारित आवृत्ती १९१० ते १९५९ या काळात पुरी झाली. पण या चिकित्सेचा खरा धारदार लेखक म्हणजे जे. होरेस राउंड. त्याच्या १९०१ मधील अभ्यासग्रंथात दोन घराण्यांची तपासणी आहे आणि ती दोन्ही वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटावीत अशी आहेत.

पहिले घराणे ऑल्थॉर्पच्या स्पेन्सरांचे. मेंढपाळीच्या आणि लोकरीच्या धंद्यावर या कुटुंबाने पंधराव्या-सोळाव्या शतकांत संपत्ती मिळवली आणि १५०८ मध्ये ऑल्थॉर्प विकत घेतले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड ली या राजनियुक्त कुलचिन्हाधिकाऱ्याने त्यांना मध्ययुगीन डेस्पेन्सर सरदारांच्या वंशात बसवून दिले. राउंडने ही जोडणी बनावट असल्याचे दाखवले. विशेष असे की समकालीनांना सत्य ठाऊकच होते. १६२१ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहातच अरंडेलच्या अर्लने लॉर्ड स्पेन्सरला त्याचे पूर्वज मेंढ्या राखीत होते असे हिणवले, तेव्हा स्पेन्सरने ते नाकारले नाही. त्याच वेळी अरंडेलचे पूर्वज राजद्रोहाचे कट रचत होते, एवढेच त्याने ऐकवले. सभागृहात तोंडी बोलताना मेंढ्या मान्य, वंशावळीत लिहिताना मात्र डेस्पेन्सर: लेखन आणि बोलणे यांतील ही तफावत कुलवृत्तांताच्या स्वरूपावर लख्ख प्रकाश टाकते.

दुसरे घराणे डेनबीच्या अर्लचे, म्हणजे फील्डिंगांचे. हॅब्सबर्ग राजवंशातील एक पुरुष तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये आला आणि त्याच्यापासून हे कुळ निघाले, अशी त्यांची प्रतिष्ठा होती. ‘टॉम जोन्स’चा कर्ता हेन्री फील्डिंग याच कुळाच्या एका धाकट्या शाखेतला. इतिहासकार गिबनने आपल्या आत्मवृत्तात या नात्याचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. ऑस्ट्रियाच्या राजवंशाचे गरुडचिन्ह आणि स्पेनमधला राजवाडा नाहीसा झाला तरी ही कादंबरी उरेल, असे त्याचे भाकीत होते. स्पेन्सर घराण्याच्या बाबतीतही त्याने त्या नावाच्या कवीचे महाकाव्य हेच त्या मुकुटातील सर्वांत मोलाचे रत्न ठरवले.

हॅब्सबर्गांची सत्ता १९१८ मध्ये संपली आणि ‘टॉम जोन्स’ आजही वाचली जाते. या अर्थाने गिबनचे भाकीत खरे ठरले. पण त्याआधीच राउंडने दाखवून दिले होते की हॅब्सबर्ग नाते सांगणारी कागदपत्रे सतराव्या शतकात बनवलेली होती. म्हणजे गिबनने ज्या तराजूत कादंबरी आणि वंश यांचे वजन केले, त्याच्या दोन्ही पारड्यांत कल्पितच होते. एका कल्पिताने आपण कल्पित असल्याचे उघड सांगितले, दुसऱ्याने ते लपवले. टिकाऊपणाचा फरक पडला असेल तर तो येथे.

राउंडचे काम अमोल आहे, तथापि त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्याचा प्रश्न कागद खरा की खोटा एवढाच होता. खोट्याची गरज का पडली हा प्रश्न त्याने क्वचितच हाताळला. १५३० पासून १६८८ पर्यंत कुलचिन्हाधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून कोणाला कुलचिन्ह वापरण्याचा अधिकार आहे हे तपासत होते. याच काळात मठांच्या जमिनी, व्यापार आणि दरबारी कृपा यांतून नवी घराणी वर आली. १६११ पासून बॅरोनेट हा किताब तर ठरावीक रकमेला मिळू लागला. संपत्ती नवी आणि तिला मान्यता देणारी भाषा जुनी, या पेचातून बनावट वंशावळ जन्मली. खोटी वंशावळ ही त्या समाजाच्या दृष्टीने अपवाद नव्हे. प्रतिष्ठा पुरातनतेतच असते या खऱ्या श्रद्धेचा तो पुरावा आहे.

४

फील्डिंगला ही भाषा जन्माने मिळाली होती आणि म्हणूनच बहुधा तिची थट्टा त्याला सहज साधली. ‘जोसेफ अँड्र्यूज’च्या आरंभी त्याने नायकाच्या पूर्वजांचा शोध घेण्याचे सोंग केले, ‘जोनाथन वाइल्ड’मध्ये एका नामांकित चोराला रीतसर वंशावळ दिली. परंतु थट्टा हा प्रतिवादाचा सर्वांत वरवरचा प्रकार आहे. खरा प्रतिवाद १७४९ मधील ‘टॉम जोन्स’च्या रचनेत आहे.

या कादंबरीचे सारे कथानक एका प्रश्नावर उभे आहे: सापडलेले हे मूल कोणाचे? शेवटी उत्तर मिळते. टॉम हा ऑलवर्दीच्या बहिणीचा मुलगा ठरतो. रूढ वाचनात या उलगड्याकडे जुन्या अद्भुतकथेचा संकेत म्हणून पाहिले जाते. हरवलेला राजपुत्र ओळखला जातो आणि व्यवस्था पूर्ववत होते, असे हे वाचन सांगते. पण येथे एक गोष्ट निसटते. टॉमची आई कळते, बापही कळतो, पण त्यांचा विवाह झालेला नव्हता. टॉम अखेरपर्यंत अनौरसच राहतो. औरस मुलगा आहे तो कपटी ब्लिफिल. रक्ताचा शोध लागतो, पण नोंदीचा हक्क मिळत नाही. ऑलवर्दी टॉमला आपला वारस करतो ते स्वतःच्या इच्छेने, त्याचे वर्तन पारखून. फील्डिंगने रक्त आणि नोंद यांची गाठ सोडवली. बर्कच्या कोशात ज्याला दार नाही असा नायक त्याने कादंबरीच्या मध्यभागी बसवला.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १८४५ मध्ये, डिझरेलीने ‘सिबिल’ लिहिली. वंशावळींच्या बनावटपणावर इतका थेट घाव क्वचितच कोणी घातला असेल. तिच्यातला लॉर्ड डी मोब्रे प्राचीन नॉर्मन नाव मिरवतो, पण त्याचा पूर्वज जॉन वॉरन हा लंडनच्या एका क्लबातला वाढपी होता. मद्रासच्या गव्हर्नराचा खिदमतगार म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि दुष्काळात साठवलेल्या तांदळाने त्याच्या वैभवाचा पाया घातला. उमरावांना वंश मिळवून देणारा हॅटन हे पात्र तर या धंद्याचे मूर्तिमंत रूप आहे. एका सरदारकीच्या मुळाशी हिंदुस्थानातील उपाशी माणसे आहेत, हे सांगण्याचे धैर्य या कादंबरीत आहे.

आणि तरीही शेवट काय होतो? गिरणीकामगारांचा नेता जेरार्ड आणि त्याची मुलगी सिबिल हेच त्या जमिनीचे खरे, प्राचीन वारस असल्याचे कागद सापडतात. खोट्या वंशावळीला उत्तर म्हणून डिझरेली खरी वंशावळ पुढे करतो. कामगाराच्या मुलीला न्याय मिळतो तो ती कामगाराची मुलगी म्हणून नव्हे, तर ती मुळात कामगाराची मुलगी नव्हतीच म्हणून. फील्डिंगने सोडवलेली गाठ येथे पुन्हा बांधली जाते, तीही अधिक घट्ट. वंशावळ खोटी आहे असे सिद्ध करणे आणि वंशावळीचे प्रामाण्य नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राउंडच्या संशोधनाची जी मर्यादा, तीच डिझरेलीच्या कलाकृतीची. तेव्हा कादंबरी काळानुसार अधिकाधिक मुक्त होत गेली, हे वाङ्मयेतिहासातले आवडते प्रतिमान येथे टिकत नाही.

५

प्रामाण्यालाच हात घालणाऱ्या दोन कादंबऱ्या म्हणजे जेन ऑस्टिनची ‘पर्स्युएशन’ आणि टॉमस हार्डीची ‘टेस’. दोघांच्या पद्धती परस्परविरुद्ध आहेत.

‘पर्स्युएशन’ सुरू होते ती सर वॉल्टर एलियट आपल्या कुळाची नोंद वाचत असताना. या प्रसंगातील विनोदावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील ग्रंथरूपावर कमी. ऑस्टिन ती नोंद कादंबरीच्या पानावर जवळजवळ जशीच्या तशी ठेवते: जन्मतारखा, मृत जन्मलेला मुलगा, तीन मुली. मग सांगते की सर वॉल्टरने स्वतःच्या हाताने तीत भर घातली आहे. धाकट्या मुलीचा विवाह, पत्नीच्या मृत्यूची नेमकी तारीख, आणि भावी वारस म्हणून दूरच्या एका भाऊबंदाचे नाव. छापील ग्रंथाच्या समासात शाईने लिहिणारा हा माणूस वाचकही आहे आणि लेखकही. दुसरी वाचक त्याची थोरली मुलगी एलिझाबेथ. तिच्या जन्मतारखेपुढे विवाहाची नोंद नाही, म्हणून हेच पुस्तक तिला नकोसे होते. ते मिटून ती दूर सारते. एकाच नोंदीची ही दोन वाचने पुरुषाला आरसा आणि स्त्रीला हिशेब दाखवतात. आणि ॲन? तिचे नाव त्या नोंदीत आहे, पण ती वाचताना ऑस्टिनने ॲनला दाखवलेले नाही.

ऑस्टिन या ग्रंथासमोर दुसरा ग्रंथ ठेवते: आरमारातील अधिकाऱ्यांची यादी. तीतही नावे व क्रम आहेत, पण तेथे क्रम जन्माने लागत नाही, नेमणुकीने लागतो. कादंबरीच्या अखेरीस ॲनचा वेंटवर्थशी विवाह ठरतो आणि सर वॉल्टर तो आपल्या मानाच्या ग्रंथात नोंदवण्यासाठी लेखणी उचलतो. ती ओळ कोरडीच असणार. पण तोवर वाचकाने त्या ओळीमागची आठ वर्षे पाहिलेली असतात. वंशावळ खोटी आहे असे ऑस्टिन कुठेही म्हणत नाही. एलियटांची नोंद बहुधा अक्षरशः खरी आहे. ती अपुरी आहे, एवढेच ती दाखवते, आणि ते खोटेपणाच्या आरोपाहून अधिक मूलगामी आहे.

हार्डीच्या ‘टेस’ची सुरुवातही वंशावळीनेच होते. गावातला जुन्या कुळांचा अभ्यासक पाद्री वाटेत भेटलेल्या डर्बिफील्डला तो प्राचीन डर्बरव्हिल घराण्याचा वंशज असल्याचे सांगतो. डॉर्सेटमधील बेअर रेजिसच्या चर्चमध्ये ज्या टर्बरव्हिल घराण्याची थडगी आहेत, त्याच्यावरून हार्डीने हे नाव घेतले. ही माहिती खरी आहे, निरुपयोगी आहे आणि प्राणघातक आहे. तिच्यामुळेच टेसला श्रीमंत नातेवाइकांकडे धाडले जाते. ते नातेवाईक मात्र स्टोक नावाच्या व्यापाऱ्याचे कुटुंब असतात, त्याने संग्रहालयातल्या ग्रंथांतून अस्तंगत कुळाचे नाव शोधून आपल्या नावाला जोडलेले असते. नाव खोट्याकडे, रक्त खऱ्याकडे आणि सत्ता खोट्याकडेच: येथे ‘सिबिल’मधले समीकरण उलटे केले आहे. खरी वंशावळ सापडल्याने काहीही सुटत नाही.

एंजल क्लेअरचे वर्तन याच सूत्राचे पुढचे टोक आहे. जुन्या कुळांचा तिरस्कार करणारा हा सुशिक्षित तरुण टेसच्या वंशाची माहिती मिळताच सुखावतो, आणि तिची कहाणी ऐकल्यावर तोच वंश क्षीण झाल्याचा दोष तिला देतो. वंशावळ कोणत्याही निष्कर्षासाठी वापरता येते, कारण तिच्यात माणसाविषयी काहीच नसते. टेसचे अनौरस मूल कोणत्याही नोंदीत जात नाही. त्याचा बाप्तिस्मा ती स्वतःच करते. पूर्वजांची संगमरवरी थडगी आणि चर्चच्या आवारातील दुर्लक्षित कोपऱ्यात पुरलेले ते मूल, यांच्यामधले अंतर हाच हार्डीचा कुलवृत्तांत आहे.

६

या संहितेचा प्रवास ब्रिटिश सत्तेबरोबर हिंदुस्थानातही झाला आणि तेथे तिचे नियम अधिकच उघडे पडले. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. पारशी समाजात बापाचे नाव लावण्याची चाल असल्याने पिढीगणिक नाव बदलणार. तेव्हा किताब धारण करणाऱ्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून मूळ पुरुषाचेच नाव घ्यावे, असा १८६० मध्ये कायदा झाला. वंशावळीत नाव हे व्यक्तीचे नसून जागेचे असते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये अध्याहृत होते. मुंबईत ते कायद्याच्या कलमात लिहावे लागले. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे १९१९ मध्ये वंशपरंपरागत लॉर्ड झाले. १९२८ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुलाचा हक्क सभागृहाने मान्य केला तो थेट १९३९ मध्ये. आईवडिलांचा विवाह हिंदू पद्धतीने झालेला, त्या पद्धतीत बहुपत्नीत्वाला वाव, मग संतती औरस कशी मानावी, हा प्रश्न मध्ये आडवा आला. औरस हा शब्द निसर्गाचा नसून विशिष्ट विवाहकायद्याचा आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

१९९९ च्या कायद्याने बहुसंख्य वंशपरंपरागत उमरावांचा सभागृहात बसण्याचा हक्क संपवला. बर्कची १०७ वी आवृत्ती त्यानंतर, २००३ मध्ये, निघाली. सत्ता ओसरल्यावरही कथन चालूच राहते. दाव्याची गरज संपली तरी त्याची भाषा मागे उरते.

ही भाषा समीक्षेतही उरली आहे. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आद्य कादंबरी कोणती, अमुक लेखक कोणाचा वारसदार, अमुक प्रवाहाचे मूळ कोठे, असे प्रश्न सहजपणे विचारले जातात. १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ला मूळ पुरुष मानून मराठी कादंबरीचा वंशवृक्ष काढण्याची सवय परिचित आहे. मूळ शोधण्याच्या या ध्यासावर फूकोने १९७१ च्या निबंधात आघात केला. एडवर्ड सैदने जन्मजात नाते आणि स्वीकारलेले नाते यांत भेद केला. पण सिद्धांताचा आधार न घेताही ‘टॉम जोन्स’ने हेच सांगितलेले आहे. वाङ्मयेतिहासाच्या वंशवृक्षातही मुलगे आधी छापले जातात, मुली नंतर. ज्यांचा पुढे वंश चालला नाही अशा कृती तीन अक्षरांत मिटतात. आणि लोककथा, कीर्तन, भाषांतर यांसारख्या अनौरस जननींना दार मिळत नाही.

अशा कोणत्याही वृक्षासमोर उभे राहून तो खरा की खोटा हे तपासणे आवश्यक आहे; राउंडचा धडा विसरता येत नाही. परंतु तेवढ्यावर थांबणारी समीक्षा ‘सिबिल’च्या शेवटी पोचते, जुन्या मुळाच्या जागी नवे मूळ बसवते आणि न्याय झाला असे मानते. ‘पर्स्युएशन’चा आणि ‘टेस’चा मार्ग अधिक अवघड आहे: नोंद खरी असतानाही ती कोणाला पुरत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा.